सरावलीच्या नाल्याचा रंग

हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मावशींचं काम माझ्यामुळे सुटलं. ज्या कारणानं सुटलं ते खोटं आहे, हे त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्यांपैकी फक्त मला माहीत होतं.

मावशी म्हणजे बोईसरच्या आमच्या हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या. नाव लिहीत नाही. शेजारच्या सरावलीत, त्यांच्या गावात, त्या नावाला आधीच पुरेसे बोल लागलेत. गाठोडं सोडलं की वरची उशीची खोळ त्या आधी नाकाजवळ न्यायच्या, मग उजेडात धरायच्या, आणि मान तिरकी करून विचारायच्या, "सांगू का, कोण झोपलेला?"

तुमच्यापैकी कोणी बोईसरला हॉटेलात उतरलं असेल तर ते समुद्र बघायला नक्कीच नाही. आमच्याकडचा पाहुणा औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्या तरी कंपनीत मशीन बसवायला, नाहीतर बिघडलेलं सुरू करायला आलेला. त्यात रंगाच्या कारखान्यात दिवसभर उभा राहिलेला माणूस कितीही अंग घासून झोपला तरी सकाळी उशी गुलाबी. असल्या खोळी मावशी वेगळ्या भिजवायच्या. टबातलं पाणी लाल व्हायचं आणि खोळ पांढरी.

"सांगू का, कोण झोपलेला? कलरवाला."

"अहो मावशी, त्या खोलीत बँकेचे साहेब होते."

"मंग बँकेत होळी होती काय?"

रजिस्टर बघितलं तर बँकेचे साहेब आदल्या दिवशीच गेलेले. मावशी विजयी चेहऱ्यानं गाठोडं टेंपोत टाकून जायच्या.

माहेर घिवलीचं, होडी असलेलं घर. लग्न होऊन सरावलीत आल्या. नवरा कंपनीत होता. तो गेल्यावर घरामागे पत्रे घालून दोन मशिनं बसवली आणि आमचं काम धरलं. बोलणं मात्र शेवटपर्यंत समुद्रावरचं राहिलं, म्हणजे वाऱ्याच्या वर आवाज. फोनवर बोलल्या तरी रिसेप्शनवरच्या सगळ्यांना ऐकू जायचं.

पुढे शेठनी ठरवलं, हॉटेलला पर्यावरणाचं प्रमाणपत्र घ्यायचं. बाहेरच्या कंपन्यांची माणसं आता ते बघूनच खोली घेतात. मी मॅनेजर, म्हणून काम माझ्यावर आलं. नळ बदलले, ओला-सुका कचरा वेगळा केला, प्लास्टिकच्या बाटल्या जाऊन काचेच्या आल्या, आणि प्रत्येक बाथरूममध्ये पाटी लागली: टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर टाका, पृथ्वी वाचवा.

मावशींनी पाटी माझ्याकडून वाचून घेतली. "पृथ्वी वाचवा, वाचवा. पण खाली बारीक अक्षरांत लिवा ना, मावशीला पण वाचवा."

चेष्टा केली, पण सांगितलेलं सगळं केलं. पावडर बदलली. मुलाकडून मोरीच्या बाजूला शोषखड्डा खणून घेतला, खाली दगड, वर वाळू. घरामागून नाला जायचा, त्यात आपलं पाणी उतरू नये म्हणून. खड्डा झाल्यावर मला मुद्दाम बोलावून दाखवला. शेजारीण कठड्यावर बसून बघत होती. तिला म्हणाल्या, "बघ गं, माज्या धुण्याचा पण आता संडास बांधला." दोघी हसून लोळायच्या बाकी.

प्रमाणपत्राची तपासणी करायला पुण्याहून मॅडम आल्या. बाहेर धुणं देत असाल तर तीही जागा बघणार, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. त्या सकाळी नाश्त्याला रंगाच्या कारखान्याचा माणूस बसला होता. त्यांचे पाहुणे न्यायला तो नेहमी यायचा आणि आमच्याकडेच इडली खायचा. आमच्या अर्ध्या खोल्या वर्षभर त्यांच्याच जिवावर भरायच्या. तो हसत म्हणाला, "मॅनेजर साब, आज नाले की तरफ मत जाना. रात को टंकी खाली कर दी."

मीही हसलो. चहा पाठवला. आणि थोड्या वेळानं मॅडमना गाडीत घालून सरावलीला गेलो.

नाला जास्वंदीसारखा लाल होता.

मावशी नवीन साडी नेसून दारात उभ्या. मॅडमनी मशिनं बघितली, पावडरीचा डबा बघितला. टबात नेमक्या कलरवाल्याच्या खोळी भिजत होत्या. मॅडम टबाकडे बघत राहिल्या, मग नाल्याकडे. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"वरून येतं, बाई," मावशी म्हणाल्या. "आमचं खड्ड्यात जातं. हो ना, मॅनेजर?"

सांगायला माझ्याकडे एक वाक्य होतं. ते सांगितलं असतं तर कारखान्याचं नाव निघालं असतं, आणि कारखान्यानं दुसरं हॉटेल बघितलं असतं. मी म्हणालो, "मॅडम, आम्ही ही लाँड्री बदलतोच आहोत."

मॅडमनी मान हलवली. मावशींनी पदर तोंडाशी धरला. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

राहिलेलं धुणं द्यायला त्या स्वतः आल्या. प्रत्येक चादर इस्त्री केलेली. काउंटरवर गठ्ठा ठेवला आणि एवढ्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

"मॅनेजर, तुमी शिकलेले हाव. तो खड्डा भरून नाल्यात वायला असंल का हो? टबातलं पाणी पण लालच असतं. माज्यामुळंच झालं असंल का?"

मी म्हणालो, "असेल."

झालं ते एवढंच. त्या "बरं" म्हणाल्या आणि निघाल्या.

तुम्ही म्हणाल, तिथले नाले कोण रंगवतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. खरं आहे. पण कंपनीच्या दारात कधी अशी तपासणीची गाडी थांबलेली गल्लीनं बघितली नव्हती. मावशींच्या दारात थांबली, आणि पाठोपाठ काम गेलं. त्या आठवड्यात शेजारणीची शेळी नाल्याचं पाणी पिऊन मेली. मावशी स्वतः तिच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माज्या खड्ड्यानं केलं गं." कठड्यावर बसणारी ती शेजारीण नंतर त्यांच्याशी बोलली नाही. नाला पुढेही रंगला. गल्ली म्हणायची, कंपन्या करतातच, पण हिनं घरातली असून केलं.

मशिनं विकून मावशी घिवलीला भावाकडे गेल्या. प्रमाणपत्र काउंटरमागे लागलं. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

एकदा धीर करून मी घिवलीला गेलो. त्या बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होत्या. लांबूनच ओरडल्या, "मॅनेजर! टॉवेल किती दिवस वापरता आता?" मला बरं वाटलं, आवाज परत आला होता. भावजयीला चहा टाकायला लावला. मी नको नको म्हणताना सुक्या बोंबलांची जुडी कागदात बांधून दिली. मग माझ्या शेजारी बसल्या.

"सगळं बरं हाय," म्हणाल्या. "फक्त ती शेळी मनातून जात नाय."

आता बोलायचं, असं ठरवून मी कप खाली ठेवला. तेवढ्यात त्यांच्या भावानं हाक मारली, त्या उठल्या. परत आल्या तेव्हा मी निघायला उभा राहिलो होतो. भावानं हाक मारली नसती तरी मी बोललो नसतो, हे मला माहीत आहे.

गेल्या थंडीत मावशी गेल्या. दिवसांना मी सरावलीला त्यांच्या मुलाकडे गेलो होतो. तो अजून त्याच घरात राहतो. मागचा खड्डा त्यानं बुजवून टाकलाय. शेजारीण आली होती, कोपऱ्यात बसली होती. उठता उठता म्हणाली, "बाई भली होती. पण नाल्याचं तेवढं चुकलं तिचं." मुलानं मान खाली घातली. मी चप्पल पायात सरकवली आणि बाहेर पडलो.

मी अजून त्याच हॉटेलात आहे. रंगाचा कारखाना अजून आमचं गिऱ्हाईक आहे. हे लिहिलं, पण त्या गल्लीत कोणी हे वाचणार नाही, म्हणून लिहून काही फिटलेलं नाही. त्या मुलाला आणि त्या शेजारणीला समोर बसवून मला सांगायचं आहे, की नाला मावशींनी लाल केला नाही आणि शेळी त्यांनी मारली नाही. हे मला त्याच सकाळी माहीत होतं. एवढं मी त्यांचं देणं लागतो.