काष्ठतरंग आणि पाच वाद्यं

काष्ठतरंग म्हणजे लाकडाच्या लहानमोठ्या पट्ट्या. ओळीनं मांडायच्या आणि दोन काठ्यांनी वाजवायच्या. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात ते वाद्य कपाटावर धूळ खात पडलं होतं. संगीताच्या सरांनी ते खाली उतरवलं तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी पहिल्या वर्षाला होते. इतर मुलींना गायचं होतं. माझा आवाज जाडाभरडा, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, की त्याला चामडं असतं का. तरुणपणी ते अल्लीपूरला डफडं वाजवायचे. आवड म्हणून नव्हे. गावकीचं काम होतं, लग्न असो की मयत, नाही म्हणायची सोय नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या भावांनी घरातली डफडी जाळली. मग बाबा वर्ध्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले. नुसतं लाकूडच असतं म्हटल्यावर ते म्हणाले, शीक.

लाकडाचा सूर टिकत नाही, उमटला की मेला. तो धरून ठेवायचा तर एकाच पट्टीवर दोन्ही काठ्या इतक्या भरभर चालवाव्या लागतात की वेगळे ठोके ऐकूच येऊ नयेत. हे जमायला मला वर्ष लागलं. जमलं तेव्हा सरांनी माझ्यासाठी एक रचना बांधली. तिच्यात गाणं नाही, शब्द नाहीत. मधे एकटं काष्ठतरंग, भोवती तबला, ढोलकी, मृदंग, झांज आणि डफडं. शेवटाकडे सगळे थांबायचे आणि लाकूड नि डफडं एकमेकांना सवालजवाब करायचे. असलं काही आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. नागपूरच्या स्पर्धेसाठी ती बसवायला घेतली.

पण डफडं हातात घ्यायला एकही मुलगा तयार होईना. स्पर्धा जवळ आली तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. काष्ठतरंग तबलेवाला मुलगा वाजवेल, तबला त्याच्या मित्राकडे देऊ, आणि डफडं तू घे, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, मी ते कधी हातातही धरलेलं नाही.

"शिकावं लागणार नाही तुला," ते हसून म्हणाले. "तुमच्या रक्तातच असतं ते."

त्यांच्या आवाजात माया होती. ते मला जास्त लागलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर कॉलेजात आले. तालीम चालू होती, पट्ट्यांवर तबलेवाला मुलगा बसला होता. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"सर, मी लोकायच्या दारात उभं राहून डफडं वाजवलं," ते म्हणाले. "जेवण मिळे ते आंगणाच्या बाहेर. ते आमी सोडलं. पोरीच्या हाती ते नका देऊ."

"अहो, कलेला जात नसते," सर म्हणाले.

"नसते ना? मंग ह्या तबलेवाल्या पोराले द्या."

तो मुलगा खाली बघू लागला. सरांनी रिकामी खुर्ची बाजूला सरकवली. मग हळू आवाजात म्हणाले, त्याच्या घरचे तयार होणार नाहीत.

माझ्या घरचे त्यांच्यासमोरच उभे होते.

शेवटी चार दिवसांनी सरांनी डफडंच काढून टाकलं. आता तरी पट्ट्या मला परत मिळतील असं मला वाटलं. पण त्या मुलाचा हात आता बसलाय, पुन्हा बदल नको, असं ते म्हणाले. मी तरीही नागपूरला गेले, मागच्या रांगेत बसून ऐकलं. सवालजवाबाच्या जागी लाकूड प्रश्न विचारत होतं आणि ढोलकी काहीतरी भलतंच बोलत होती. कुणाला काही खटकलं नाही. पहिला नंबर आला.

बाबांनी पुढे सुताराकडून सागवानाचे तुकडे आणले. सुट्टीच्या दिवशी ते तासून तासून बघायचे. सूर काही लागला नाही, नुसतं टकटक वाजायचं. त्यांच्यासाठी मी थोडे दिवस वाजवलं, मग तेही थांबलं. आईनं त्या पट्ट्यांची डब्यांसाठी फळी करून घेतली.

ऐंशीनंतर मी आष्टीला शाळेत शिकवू लागले. एका शनिवारी वर्ध्याच्या एसटी स्टँडवर सर भेटले. केस पांढरे झाले होते. त्या रचनेचे पुढे कितीतरी कार्यक्रम झाले होते, ते त्यांनी भरभरून सांगितलं. मग मी वाजवते का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"वाया घालवलंस," ते म्हणाले. "तुझ्यासारखा हात मला पुन्हा मिळाला नाही."

मी त्यांची पिशवी उचलून ऑटोत ठेवली, नमस्कार केला आणि आष्टीच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभी राहिले.