सर बनी यास: बेटावर सांगायची एक बातमी

वाईट बातमी बेटावर सांगावी, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. "तिथून ती जाणार कुठे?" असं विल्सन म्हणाला आणि मी लगेच अबू धाबीच्या सर बनी यास बेटाचं बुकिंग केलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण इतका पुढचा विचार त्याने पहिल्यांदाच केला होता.

ती म्हणजे आमची शेरिल. वय तेरा, जन्म शारजाचा, आम्ही मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणार. आणि बातमी अशी, की विल्सन ज्या हॉटेलात सोळा वर्षं शेफ आहे, ते मार्चअखेर बंद होतंय. पन्नाशीला टेकलेल्या शेफला दुसरीकडे कुणी घेईना. माझ्या क्लिनिकच्या पगारात अल मजाजमधल्या घराचं भाडं निघतं, जेवण निघत नाही. म्हणून एप्रिलमध्ये आम्ही कायमचे वसईला परत चाललोय आणि शेरिल नववीला तिथल्या शाळेत जाणार. विल्सन खुशीत होता. वाडीत केळी लावू, घरगुती ऑर्डरी घेऊ, असं रोज काहीतरी चालू असायचं. शेरिलला सांगायचं मात्र पाच आठवडे राहूनच जात होतं.

तिच्यापासून काही लपवायचं असलं की आम्ही दोघं आमच्या गावच्या सामवेदी बोलीत बोलतो. वसईबाहेरच्या मराठी माणसालाही ती पटकन उमगत नाही. शेरिलच्या जन्मापासून ही बोली म्हणजे आमचं कुलूपबंद कपाट.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. शारजाहून जबल धन्नाच्या धक्क्यापर्यंत चार तास धरा. दुबईत वेगमर्यादेवर ताशी वीस किलोमीटरची सूट असते, अबू धाबीत नसते. विल्सनला हे प्रत्येक ट्रिपला नव्याने कळतं. मिर्फाच्या आसपास एका कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवला, तर तीन करक चहा आणि तीन अंडा पराठे गाडीतच आले.

"और कुछ, हबीबी?"

"खलास," विल्सन म्हणाला आणि एकवीस दिरहॅम दिले. "म्हणजे पाचशे रुपये. पाचशेत वसईला आपण..." एवढं बोलून त्याने पराठा तोंडात कोंबला. शेरिलने हेडफोन काढले नव्हते.

धक्क्यावर एमिरेट्स आयडी दाखवून बोटीत बसलो. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास आहे, बोट लागणाऱ्यांनी मागे बसावं. विल्सनने आमच्या बोलीत विचारलं, आत्ता सांगू का? मी म्हटलं, बोटीत नको, उडी मारेल. शेरिल पाण्याकडे बघत होती.

बेटाबद्दल थोडं सांगते. इथे नदी नाही, ओढा नाही, पाऊस नावापुरता. तरीही झाडं हजारोंनी आहेत, कारण प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची काळी नळी आहे. त्या झाडांमधून हरणं, लांब शिंगांचे ओरिक्स आणि चक्क जिराफ मोकळे हिंडतात. हिवाळ्यातच जा आणि उघड्या जीपची सफारी दुपारची घ्या, तेव्हा प्राणी पाण्यावर येतात. टोपी दोरीवाली हवी. विल्सनची बिनदोरीची होती, ती आता ओरिक्सांकडे आहे.

आमचा गाइड दीपक नेपाळचा. "यल्ला, दीदी, बैठिए. इन्शाल्ला चीता भी दिखेगा," म्हणाला. चित्ता दिसला, म्हणजे झुडपाखाली झोपलेल्या चित्त्याची पाठ दिसली. आम्ही वीस मिनिटं त्या पाठीचे फोटो काढले. विल्सन कुजबुजला, आता सांगू? मी म्हटलं, चित्त्यासमोर? मग तेही राहिलं.

रविवारी सकाळी कयाक. भरतीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा, ओहोटीला कयाक चिखलात बसते. लोक इथली खारफुटी बघायला लांबून येतात. वसईच्या माणसाला ती तिवरं म्हणून जन्मापासून माहीत असतात. "ही बघायला चारशे किलोमीटर आलो? आपल्या बंधाऱ्यापलीकडे हेच आहे," विल्सन म्हणाला. पण आमच्या तिवरांत इतकं स्वच्छ पाणी नाही, हेही खरं. खाली खेकडे चालताना दिसत होते. शेरिलने एकटीची कयाक घेतली आणि सरळ पुढे गेली. आम्ही दोघं एका कयाकमध्ये बसून एकमेकांविरुद्ध वल्हवत होतो, त्यामुळे जागच्या जागी फिरलो. तिला गाठून सांगायचा बेत होता.

शेवटचा थांबा जुन्या मठाचा. तेराशे वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आलेले ख्रिस्ती साधू इथे राहायचे. आता गुडघाभर उंचीच्या भिंती उरल्यात, पण चर्च कुठे होतं, खोल्या कुठे होत्या, हे स्पष्ट कळतं. आम्ही वसईचे कॅथलिक, तिथे आपोआप हात जोडले गेले. मला वाटलं होतं, कुणीतरी हल्ला करून मठ पाडला असेल. दीपक म्हणाला, "नहीं दीदी, लड़ाई का कोई निशान नहीं मिला. लोग बस धीरे-धीरे चले गए."

विल्सन माझ्या कानाशी लागला. आमच्या बोलीत म्हणाला, जेवायच्या आधी सांगून टाकू.

माहितीचा फलक वाचत उभी असलेली शेरिल न वळता म्हणाली, "आत्ताच सांगा ना. मला माहीत आहे."

हे मी इथे साध्या मराठीत लिहितेय. ती बोलली ते आमच्या बोलीत, माझ्या सासूबाईंच्या ठेक्यात.

"तुला ही भाषा येते?"

"दर जुलैला मी आजीकडे एक महिना असते, मम्मा. शी डझन्ट नो इंग्लिश."

आम्ही आपले समजत होतो, दोघी खुणांवर भागवतात.

"मग कधी बोलली का नाहीस?" विल्सनने विचारलं.

"तुम्ही दोघं तसं बोलताना छान दिसता. मला कळतं असं कळलं असतं तर थांबला असता."

मला आठवायला लागलं, तेरा वर्षांत तिच्यासमोर आम्ही काय काय बोललो होतो. तिचं गणित, माझं गेलेलं दुसरं बाळ, विल्सनचे दोन नातेवाईक. सगळं तिने ऐकलं होतं आणि इंग्रजीत ज्यूस मागितला होता.

"पाच आठवडे वाट बघत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही सांगणार नाही. विचाराल."

लाज वाटली मला. आम्ही जागा ठरवली, वेळ ठरवली, टोप्या भरल्या, पण तिला विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. परतीच्या बोटीत मी तिचा हात धरून शेजारी बसले. तिने तो काढून घेतला नाही. येताना विल्सनने पहिल्यांदाच अबू धाबीची वेगमर्यादा पाळली.

बेट कसं आहे विचाराल तर जा, जरूर जा. दोन दिवस पुरतात. मीठ माझ्या सँडल्समध्ये अजून आहे आणि जिराफांनी पापण्या मिटून पानं चघळलेली मी विसरणार नाही.

घरी पोचल्यावर मी ओले टॉवेल वाळत घालत होते. विल्सन शेरिलच्या खोलीत गेला आणि तिच्या पलंगाशी खाली फरशीवर बसला. दार उघडंच होतं. त्याने आमच्या बोलीत विचारलं, "तुला वसईला जायचंय का गं?"

"नाही," शेरिल म्हणाली.

केळी लावणारा, घरगुती ऑर्डरी घेणारा माझा नवरा पलंगाला पाठ टेकून बसला.

"मलापण नाही," तो म्हणाला.

पाच आठवड्यांत हे त्याने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. टॉवेल तसेच टाकून मी आत गेले आणि त्यांच्याजवळ खाली बसले.