जमा केलेल्या रिव्हॉल्व्हरचा आवाज

ती घटना आजही आठवली की आधी आवाज ऐकू येतो, मग माणसं दिसू लागतात. कट्, कट्, कट्. एवढाच. चौतीस वर्षांच्या नोकरीत गोळीबार ऐकले, त्यांनी माझी झोप कधी मोडली नाही. या आवाजाने मोडली.

तेव्हा मी पुण्याच्या पूर्व टोकाला, नगर रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वाघोलीच्या अलीकडची गावं शहरात येत होती, खरं म्हणजे शहर त्यांच्या अंगावर येत होतं. ज्वारीच्या रानात इमारती उभ्या राहिल्या आणि ज्यांची रानं गेली त्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर आली. परवान्याच्या अर्जात कारण ठरलेलं असे, जीविताला धोका. धोका कोणापासून, असं विचारलं की बहुतेक अर्जदार खिडकीबाहेर बघत. लग्नात किंवा बिल्डरच्या ऑफिसात शर्ट जरा वर सरकवून मूठ दाखवत बसायचं, यासाठी सरकारने शस्त्र देऊ नये. पण देत होतं, आणि त्या कागदांवर आमच्या सह्या असत.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. मुद्देमालाचे हवालदार शस्त्राचा नंबर परवान्याशी ताडून बघतात, शस्त्र कापडी पिशवीत घालतात, चिठ्ठी बांधतात, लाखेचं सील मारतात आणि पावती देतात. त्या रांगेत एक बागायतदार होते. गाव त्यांना बागायतदार म्हणायचं म्हणून मी म्हणतो, बाग केव्हाच विकून झाली होती. वय पन्नाशीचं, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज मऊ. हवालदारांनी त्यांचं सहा गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर पिशवीत घातलं तेव्हा ते रिकाम्या कमरेवरून हात फिरवत म्हणाले, "सा वर्सं झाली साहेब. अंगावर हाय का नाय, कळत बी नाय. चष्म्यागत."

"मग चष्म्यासारखं अधूनमधून घरी विसरत जा," मी म्हणालो. नारायण पेठेत वाढलेल्या माणसाला जीभ आवरणं अवघड जातं.

ते हसले. दारातून बाहेर पडताना मात्र त्यांनी उजवा पाय जपून टाकला, जिना संपला की नाही याची खात्री नसलेल्या माणसासारखा. तिथे जिना नव्हता.

दोन आठवड्यांनी दुपारी तीनच्या सुमारास त्यांची पत्नी ठाण्यात आली. चाळिशी ओलांडलेली बाई, हातात औषधांची पिशवी.

"दवाखान्यात जाते म्हणून निघाले," ती म्हणाली. "साहेब, आमच्या ह्यांचं रिव्हॉल्व्हर तुमच्याकडंच हाय ना?"

"आहे. निकाल लागला की परत मिळेल."

"परत न्यायला नाय आले. हाय का, तेवढं बघून सांगा."

"का बरं?"

"घरात त्याचा आवाज येतो."

हवालदारांनी रजिस्टरमधून मान वर केली. "ताई, ते इथं कुलपात आहे. दुपारचं जेवायला घरी जातं होय?"

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. खाली मान घालून, एका सुरात सांगत राहिली. तिच्या वडिलांनी तिच्या नावावर दोन एकर करून दिले होते. रस्त्याकडेचा तेवढाच तुकडा उरला होता आणि नवऱ्याने तो विकायला काढला होता.

"सही कर म्हणून एकदाच म्हणाले. मी नाय म्हणाले. त्याच्यानंतर एक शब्द नाय साहेब. मारलं नाय, शिवी दिली नाय. जेवण झालं की दिवाणावर पडायचं, डोळे मिटायचे आणि पोटावर रिव्हॉल्व्हर ठेवून त्याचं गोळ्यांचं चक्र फिरवायचं. मी आत भांडी घासत ते कट् कट् मोजायची. सा झाले की थांबायचे, श्वास घ्यायचे, परत सुरू."

शस्त्र ठाण्यात जमा झालं आणि ती चार दिवस पोटभर जेवली. पाचव्या दिवशी दुपारी आवाज पुन्हा सुरू झाला. तिने कपाटं, गाद्या, धान्याची कोठी, सगळं उलटंपालटं केलं. काही सापडलं नाही. दिवाणाकडे बघितलं तर नवरा डोळे मिटून पडलेला, हात टॉवेलाखाली. ती दोन पावलं जवळ गेली की आवाज थांबायचा. "ते ठाण्यात हाय, तुला भास व्हायला लागलेत," एवढंच तो म्हणाला. जावेला सांगितलं, तर तिने लिंबू उतरवून टाकलं.

"परवा रजिस्ट्री हाय," ती म्हणाली. "तिथं मी सगळ्यांदेखत नाय म्हणणार हाय. पण त्याच्यानंतर मला त्याच घरात जायचंय. म्हणून तो आवाज घरात हाय का माझ्या डोक्यात, तेवढं मला कळाय पाहिजे."

खरं सांगतो, तो तिच्या डोक्यात आहे असंच मला वाटलं. तिची समजूत पटावी म्हणून मी दोन पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर पिशवीचं सील तोडलं. नंबर बरोबर. हवालदारांनी रिकामं चक्र बोटाने सावकाश फिरवलं. तिने डोळे मिटले. प्रत्येक आवाजाला तिचं एक बोट मिटत होतं.

"हा जुना," ती म्हणाली.

"जुना म्हणजे?"

"ह्याचे सा होत्यात. आता पाचाला थांबत्यात."

हवालदारांचा हात जागच्या जागी थांबला. कमरेला रुतू नये, शर्टाखाली दिसू नये म्हणून काही लहान रिव्हॉल्व्हर पाचच गोळ्यांची करतात. हे आम्हाला ठाऊक होतं. तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. भास झाला असता तर तिला सहाच ऐकू आले असते. भासाला नवा आकडा सुचत नाही.

म्हणजे घरात दुसरं शस्त्र होतं, आणि तिने सगळं घर शोधूनही ते सापडलं नव्हतं. आम्ही झडती घेतली आणि आम्हालाही सापडलं नाही, तर नवरा सावध होणार होता आणि तिला त्याच्याबरोबर तिथेच राहायचं होतं. मी तिला शेजारच्या खोलीत महिला शिपायाजवळ बसवलं आणि बागायतदारांना फोन केला. पावतीच्या आमच्या प्रतीवर सही राहिली आहे, येऊन जा.

ते तासाभरात आले. एकटेच, नम्रपणे. हाताच्या खुर्चीत बसले तेव्हा जरासे तिरके बसले, उजवा कोपर खुर्चीच्या हातापासून चार बोटं लांब. ती बैठक मी ओळखली. तीस वर्षं सरकारी रिव्हॉल्व्हर कमरेला लावून मीही तसाच बसत आलो होतो, त्या क्षणीही तसाच बसलो होतो. टेबलाच्या पलीकडे कोणी आरसा ठेवावा तसं ते दिसत होतं.

"घरी सगळं ठीक?" मी विचारलं.

"ठीक. मंडळी जरा भ्रमिष्टासारखं करत्यात. आवाज ऐकू येत्यात म्हणं."

"कसले आवाज?"

"बायकांचं काय साहेब. पाल चुकचुकली तरी घर पडलं म्हणत्यात."

"जमिनीची सही करणार आहेत ना?"

"करतील की. जबरदस्ती कुठंय? एका शब्दानं बोललो नाय. गावात कुणालाबी इचारा."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि ते खरं होतं. गप्प राहून चक्र फिरवणाऱ्या माणसाला पकडायला माझ्याकडे कलम नव्हतं.

त्या भागातल्या फार्महाउसवर जमिनीच्या बैठका होत. बैठक लांबली की यजमान म्हणे, कमरेचं टेबलावर ठेवा, ऐसपैस बसा. मग एकेक जण कमरेचं काढून ग्लासाशेजारी ठेवी. माझ्या कानावर हे अनेकदा आलं होतं. अंगझडतीला कोणी पुढे झालं असतं तर त्यांचा हात आधी कमरेला गेला असता. मी पावतीचा कागद पुढे सरकवला आणि पेन मागावं तशा आवाजात म्हणालो, "कमरेचं टेबलावर ठेवा, ऐसपैस बसा."

त्यांचा हात शर्टाखाली गेला. चामड्याच्या पाकिटाचं बटण सुटल्याचा बारीक आवाज झाला. तळहाताएवढं काळं रिव्हॉल्व्हर त्यांनी माझ्या शाईच्या पॅडशेजारी ठेवलं, खुर्चीला पाठ टेकली आणि पेन उचललं. सही अर्धी झाल्यावर त्यांनी टेबलाकडे बघितलं.

पकडलेल्या माणसांचे चेहरे मी शेकड्यांनी पाहिलेत. हा तसा नव्हता. ती वस्तू तिथे कुणी ठेवली, हे ते मलाच विचारत असल्यासारखे बघत होते.

"हे माझं नाय," ते म्हणाले. "माझं तर तुमच्याकडं जमा हाय."

त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते, असं मला आजही वाटतं.

मी रुमालाने ते ताब्यात घेतलं. आत पाच गोळ्या होत्या. नंबर कानशीने घासून काढला होता. पंच पुन्हा आले. पंचनामा करताना गोळ्या काढून हवालदारांनी चक्र फिरवलं. पाच आवाज झाले. मधल्या दारात ती येऊन उभी होती.

"हाच," ती म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "आता सांगा, मला भास होतोय का."

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. हात कमरेवर जाऊन तिथली मोकळी जागा चाचपत होता.

चौकशीत त्यांनी सगळं सांगितलं. पहिलं जमा केल्यावर चालताना तोल जायचा, बाजारात सगळे आपल्याकडेच बघतात असं वाटायचं. चौथ्या दिवशी त्यांनी दुसरं आणलं. आंघोळीला जातानाही ते टॉवेलात गुंडाळून नेत, म्हणून ते घरात कुठे सापडत नव्हतं. विकणाऱ्याचा तपास पुढे वेगळा झाला. मी शेवटी विचारलं, "परवा बायको नाही म्हणाली असती, तर काय केलं असतं?"

"ठाऊक नाय साहेब. त्याचा इचारच केला नाय."

कुठल्याही कबुलीजबाबाने मला इतकं घाबरवलं नाही.

ते कोठडीत असताना ती रजिस्ट्रीच्या कार्यालयात गेली, नाही म्हणाली आणि तेवढं सांगायला ठाण्यात आली. माझ्यापुढे त्यांच्या परवान्याची फाइल उघडी होती, परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवायचा होता. तळाशी सहा वर्षांपूर्वीचा स्थानिक चौकशीचा अहवाल लागला. 'वर्तन चांगले. घरात कलह नाही. परवाना देण्यास हरकत नाही.' खाली सही माझी. तेव्हा मी याच ठाण्यात दुय्यम अधिकारी होतो. असे अहवाल इतके लिहिले की हा आठवतही नव्हता.

मी तो तिला वाचून दाखवला. तिला ती चौकशी आठवत होती. "चौकशीला तुम्हीच आला होता. शेजारी, माजी सरपंच, दुकानदार, सगळ्यांना इचारलंत. चहा मी आणला होता."

"तुम्हाला काही विचारलं नाही मी."

"साखर कमी टाका म्हणालात."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

घरात कलह नाही, हे मी कोणाला विचारून लिहिलं? अर्जदाराच्या मित्रांना. शस्त्र ज्या घरात राहणार त्या घरातल्या बाईला विचारायला आमच्या नमुन्यात रकाना नव्हता आणि रकाना नव्हता म्हणून मला लाज वाटली नाही. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येक अर्जाला मी एक जादा पान जोडलं. घरातल्या बाईचा जबाब, अर्जदार समोर नसताना, महिला शिपायाने घेतलेला. वरून विचारणा झाली, हे कोणत्या नियमात आहे? कुठल्याच नाही, असं मी लेखी कळवलं आणि पानं जोडत राहिलो. काही परवाने अडले. काही माझा अहवाल बाजूला ठेवून दिले गेले. ज्यांनी दिले ते अधिकारी मला सभ्य माणसं म्हणून ठाऊक आहेत, आणि म्हणूनच राग जात नाही. अंगावर जड वाटतं तोवर माणसाला शस्त्राची आठवण असते. ते सुखाने वागवता येऊ लागलं की त्याचा भार घरातलं दुसरं कोणीतरी वाहू लागतं, आणि त्या माणसाकडे परवाना नसतो.

निवृत्त झालो तेव्हा सरकारी रिव्हॉल्व्हर परत केलं. वर्षभराने एकदा पत्नी कपाट आवरत असताना मी तिला विचारलं, "इतकी वर्षं ते या घरात असायचं. तुला कधी भीती वाटली का?"

"अहो, हा प्रश्न पडायला तुम्हाला निवृत्त व्हावं लागलं," ती साडीची घडी घालत म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही जेवायला बसलात की मी आधी तुमच्या कमरेकडे बघायचे. मग पान वाढायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर बसलो आणि पुन्हा विचारलं. ती बोलत असताना एकदाही मध्ये बोललो नाही. दीड तास लागला.