गोदाईच्या नावाचं बुकिंग

आमच्या बोळातले किस्से पिठासारखे आहेत. सकाळी कितीही झाडा, संध्याकाळी फळीवर परत बसलेलेच! त्यात माझं दार बरोबर सविताच्या दारासमोर. मुद्दाम कोण बघतंय? पण डोळे मिटून ज्वारी निवडता येत नाही ना! यंदा साठलेल्यातले हे थोडे सांगते. आता हसत सांगतेय, पण तेव्हा सगळ्यांची झोप उडाली होती, हे आधीच कबूल करते.

सविता कडक भाकरी करते. घरामागं पत्र्याची शेड, चार तवे, पाच बायका. त्या पाचींना थापायला शिकवलं ते तिच्या सासूबाईंनी, गोदाईंनी. नवरा दत्ता चिंचोळी एमआयडीसीत कामाला. भाकरीचा सगळा माल पुण्याचे एक शेटजी उचलतात आणि स्वतःच्या नावाच्या पुड्यात घालून विकतात. अकरा वर्षं हेच चाललेलं.

यंदा शेटजींचा फोन आला. "सविताताई, भाकरीची वेबसाइट काढतोय. एखादं छान गावाकडचं नाव बघतो. तुम्ही कशाला डोकं लावता? तुम्ही फक्त थापत राहा!"

ते 'थापत राहा' सविताला लागलं. ती तशीच कोपऱ्यावरच्या इरफानभाईकडं गेली. तो ऑनलाइन फॉर्म भरून देतो.

"भाई, माझ्या भाकरीच्या वेबसाइटचं नाव मला घेता येतं का?"

"येतं की वैनी! पण नाव म्हंजे एसटीकी सीट. जिसने पैले रुमाल डाला, उसकी. शेटनं टाकला, तर तुमी सोलापूर ते पुणे उभ्यानं!"

सविता परत आली ती पांढरीफटक. शेटजींनी आधी नाव घेतलं, तर आपली भाकरी कायमची त्यांची. आणि आपण घेतोय हे त्यांना कळलं, तर उद्यापासून त्यांचा टेम्पो यायचा बंद. चार तवे थंड!

* * *

त्या दिवसापासून त्या घरात सगळं कुजबुजत चालायला लागलं. गोदाईंनी नियमच केला, "बारशाआदी पोराचं नाव कोन सांगतं का? न्हाय ना? मग हे बी न्हाय!"

आता समोरच्या घरात नाव ठरतंय आणि मला माहीत नाही, म्हणजे घास कसा उतरावा? मी वाटी घेऊन गेले. साखर मागितली. दुपारी परत गेले. संध्याकाळी परत.

गोदाईंनी वाटी भरली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "मालन, रक्त तपासून घे बाई. एवढी साखर बरी न्हाय!"

* * *

पण देव माझ्या बाजूनं होता. मोठी ऑर्डर आली, एक बाई आजारी पडली आणि सवितानं मलाच थापायला बोलावलं. तव्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तापलेला नव्हता, नाहीतर मी परत फिरले असते.

इरफानभाईनं नाव मोबाईलवर उगीच शोधत बसू नका म्हणून सांगितलेलं. बायकांनी त्याचा अर्थ काढला, की मोबाईल ऐकतो! सगळे मोबाईल गोळा करून पितळी परातीखाली पालथे घातले. मग बैठक सुरू.

एक म्हणाली, देवीचं नाव ठेवू. गोदाई दचकल्या. "देवीचं? आन लोक मोबाईलवर उष्ट्या हातानं दाबणार ते? कोप व्हईल!"

दुसरी म्हणाली, सविताचंच ठेवा. सविता म्हणाली, "नको गं. भावकीत आधीच डोळ्यावर आलोय."

दत्ताचं? "त्यांना तर शेटजींचा फोन आला तरी घाम फुटतो!"

ज्याला त्याला आपल्या नावाची भीती! शेवटी सगळ्यांनी मिळून गोदाईंकडं बघितलं.

"माझं?" गोदाईंच्या हातातला गोळा खाली पडला. "अगं, माझ्या नावावर आजवर कोंबडीबी न्हाय! आन मी मेल्यावर ते नाव मोबाईलमदी तसंच वरडत बसंल का?"

तेवढ्यात परात गरजली! आत कुणाचा तरी मोबाईल वाजत होता आणि आवाज असा घुमत होता, की देवळात घंटा वाजावी. सवितानं परात उचलली. शेटजी!

कुणी हलेना. तव्यांवर धूर व्हायला लागला. रिंग बंद झाली, परत सुरू झाली. शेवटी सवितानं उचलला.

"काय ओ ताई, इतका वेळ?"

"भाकरी करपत होती," सविता म्हणाली.

खोटं नव्हतं. चारही करपल्या होत्या!

नाव मात्र ठरलं. गोदाईची भाकरी.

* * *

आता माझा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी शेटजींचा टेम्पो आला. ड्रायव्हर ओळखीचा, बोलका. खोकी भरता भरता म्हणाला, "काय काकू, आज सगळ्या लई खुशीत दिसताय?"

आणि मी, ही मी, तव्यावर हात ठेवलेली बाई, काय म्हणावं? "मग! आता आमच्या गोदाईचं नाव जगभर जाणार!"

तो हसला, टेम्पो सुरू केला आणि गेला. टेम्पो वळला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस पुण्याला पोचेपर्यंत शेटजींशी चारदा बोलतो!

घरात जाऊन दार लावून बसले. पाणी प्यायले. देवाला म्हटलं, त्याच्या मोबाईलची बॅटरी संपू दे. मग वाटलं, देवाला तरी किती कामं सांगायची? उठले आणि सविताला सगळं सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हात परातीत होते, ते तसेच बाहेर काढले. "काकू, रिक्षा बघा," एवढंच म्हणाली.

गोदाई चप्पल शोधत होत्या. "तुमी कुटं निघालात?" सवितानं विचारलं.

"माझं नाव हाय की! मी नको व्हय?"

* * *

इरफानभाईनं बघितलं. नाव मोकळं होतं! पटापट माहिती भरली. शेवटी बँकेचा ओटीपी आला. खातं दत्ताचं, म्हणून आला तो त्याच्या मोबाईलवर. आणि दत्ताच्या कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावे लागतात!

सवितानं फोन लावला. वॉचमननं उचलला.

"दादा, त्यावर आत्ता मेसेज आलाय बघा. आकडा तेवढा सांगा."

"आकडा दिसतोय ताई. पन सांगनार न्हाय. कुनालाबी सांगू नका म्हंतेत."

"अवो, मी बायको हाय त्यांची!"

"फसवनारी बाईबी तसंच म्हंती!"

इरफानभाई घड्याळाकडं बघत होता. मी साडीचा पदर पिळत होते. सविता रडकुंडीला आली. "मग त्यांना तरी बोलवा ओ गेटवर! लई अर्जंट हाय!"

आता कारखान्यात माणसाला गेटवर अर्जंट बोलावतात, ते एकाच कारणासाठी. कुणीतरी पळत आल्याचा आवाज आला. मग दत्ताचा फुटलेला आवाज, "सविता... आई गेली का गं?"

फोन स्पीकरवर होता. गोदाई पुढं वाकल्या.

"हाय मी. आकडा सांग!"

पहिला आकडा तोवर वाया गेला होता. दुसरा मागवला. तो दत्तानं सांगितला, पण रडू थांबेना म्हणून दोनदा सांगितला. इरफानभाईनं बटण दाबलं आणि खुर्चीत मागं टेकला. "हो गया वैनी. रुमाल पड गया!"

गोदाईंनी स्क्रीनला हात जोडले. मग हळूच मला विचारलं, "नाव आत गेलं, की दुखतबिखत न्हाय ना काय?"

* * *

चार दिवसांनी शेटजी स्वतः आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा! पांढरी गाडी बोळात शिरेना, कोपऱ्यावर लावून चालत आले.

शेडमध्ये खुर्ची ठेवली. बायका थापत होत्या, पण कुणाचीच भाकरी गोल होत नव्हती. मी कशाला तिथं होते विचारू नका. वाटी परत द्यायला गेले होते.

शेटजी गोड बोलले. पीठ बघितलं, चटणी चाखली. मग मोबाईल काढला. "सविताताई, आमचा ड्रायव्हर एक नाव बोलून गेला. गोदाई. मला फार आवडलं. म्हटलं गोदाईची भाकरी असं घेऊन टाकू." थांबले. "तर ते कुणीतरी आधीच घेतलंय! कोण असेल हो?"

मी वाटीत बघत होते. सविताचा हात तव्यावरच राहिला, चटका बसला तरी तिनं काढला नाही.

गोदाई उठल्या. गरम भाकरी ताटलीत घेतली, वर चटणी, आणि शेटजींच्या पुढं धरली.

"मी हाय ती. खावा, गार व्हईल."

शेटजींनी त्यांच्याकडं बघितलं. मग हसले. भाकरी खाल्ली, सगळी खाल्ली. हात धुतले. निघताना दारात थांबून सविताला म्हणाले, "किती वर्षांचं घेतलंत, ताई?"

"एका." घाईत तेवढंच झालं होतं.

"एकाच? मग पुढच्या वर्षी त्याच दिवशी पैसे भरायला विसरू नका हं. विसरलं, की नाव परत मोकळं होतं. कुणीही घेतं." मोबाईल काढला. "तारीख काय होती?"

सवितानं भीतीनं खरी सांगून टाकली. त्यांनी ती लिहून घेतली. "मी आठवण करीन," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. नेहमीच्याच वेळेला, नेहमीएवढीच खोकी घेऊन गेला. दत्ता म्हणाला, बघ, चांगला माणूस आहे. सवितानं कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं बोट लावलं.

* * *

आणि टेम्पो आला त्याच दिवशी सकाळी इरफानभाई दुकानाचं शटर उघडायला आला, तर पायरीवर गोदाई बसलेल्या. नेसूचं चांगलं लुगडं, हातात आधार कार्ड.

"काय आजी, इतक्या सकाळी?"

"ते माझं नाव एका वर्साचं केलंस न्हवं? ते मी मरंपर्यंतचं करून दे."

इरफानभाई गडबडला. "आजी, वैसा नैं होता. दहा वर्सांच्या वर देतच नाहीत."

गोदाईंनी आधार कार्डाकडं बघितलं. त्याच्यावरच्या आपल्या फोटोकडं जरा वेळ बघत राहिल्या.

"धाच?" त्या म्हणाल्या. "बरं, कर धाचं. तवर मराया येत न्हाय मग."