सिस्टर आणि आमचा पेरू

सिस्टर कुणाच्याही झाडाला हात लावण्यापूर्वी घरच्या माणसांना बाहेर काढत. आपल्याच बागेतून आपल्याला हाकललं जातंय हे कळेपर्यंत फाटक लागलेलं असे. "नातेवाईक फार बोलतात," एवढंच कारण त्या देत. आयुष्यभर त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी केली होती आणि निवृत्तीनंतर धायरीत आमच्या शेजारी छोटी बंगली बांधली होती. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर. कॉलनीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

गुलाब, मोगरा असल्या धडधाकट मंडळींत त्यांना रस नव्हता. कुणाचं लिंबू वठत चाललंय, कुणाच्या डाळिंबाचं नुसतं झुडूप झालंय, असं कळलं की त्या कात्री आणि करवत घेऊन निघत. करवत आधी स्पिरिटने पुसत. चहा विचारला तर "आधी पेशंट" म्हणत.

आमचा पेरू त्यांना बरेच दिवस खुपत होता. बाबांनी तो लावला तेव्हा बाजूला उंच पाण्याची टाकी होती. उन्हासाठी तो रस्त्याकडे झुकला. पुढे टाकी पाडली, पण झाडाची सवय गेली नाही. त्याची मोठी फांदी फाटकावर आडवी आली होती. आमच्याकडे लोक नम्र होऊनच येतात, असं बाबा कौतुकाने सांगत आणि स्वतःही वाकून जात. मधल्या गुंत्यात ऊन शिरत नसे. पेरू लिंबाएवढे, आत अळ्या. बाबा गेल्यावर आईने त्याचं पानही तोडू दिलं नाही.

मग एका वळवाच्या वाऱ्यात ती फांदी बेचक्यापाशी चिरली. सिस्टर करवत घेऊनच आल्या. आई आडवी उभी राहिली. यांच्या हातचं झाड आहे, कापायचं नाही, म्हणाली.

"वहिनी, आज मी कापली तर नुसती फांदी जाईल. पुढच्या वाऱ्याने तोडली तर खोड फाडून नेईल. बोला."

आई आत निघून गेली. सिस्टरनी ती संमती धरली. साल फाटू नये म्हणून त्यांनी आधी खालून काप घेतला, मग वरून. फांदी पडली आणि कितीतरी वर्षांनी मी आमच्या फाटकातून ताठ मानेने बाहेर पडलो. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

आईने सिस्टरशी बोलणं टाकलं. शेजारधर्म म्हणून भाजीची वाटी जाई, पण कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून. रिकामी वाटी परतही भिंतीवरच येई. सिस्टर मात्र रोज सकाळी राउंडला येत आणि आईला ऐकू जाईल अशा बेताने झाडाला विचारत, "काय, आज बरं आहे ना? घरची मंडळी कशी आहेत?" बाकीच्या फांद्यांना त्यांनी त्या वर्षी हात लावला नाही. एकदम सगळं कापलं तर झाड दगावतं, असं त्यांनी मला बजावलं.

पावसाच्या तोंडावर कापलेल्या जागेभोवती कोंबांचा झुबका फुटला. सिस्टर ते नखाने खुडू लागल्या तेव्हा खिडकीतून आई म्हणाली, "तो टाकीच्या बाजूचा राहू द्या."

सिस्टरनी तो कोंब दोन्हीकडून न्याहाळला. "बरोबर आहे," म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून कॉलनीत कुणी ऐकले नव्हते.

पुढे दर मे महिन्यात दोघी मिळून तो गुंता सोडवू लागल्या. एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढल्या, मधला भाग मोकळा केला. कुठली ठेवायची यावरून त्यांची भांडणं रस्त्यापर्यंत ऐकू येत. झाड दोन्ही बाजूंनी भरलं, पेरू मुठीएवढे झाले. पहिला आईने बाबांच्या फोटोपुढे ठेवला. दुसरा भिंतीवर न ठेवता सिस्टरच्या हातात दिला.

सिस्टरचे गुडघे गेल्यावर भाची त्यांना वाघोलीला, आपल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली. निघताना त्यांनी कात्री आईपुढे धरली. आई घेईना. एकटीने करताना काही चुकलं तर, म्हणाली.

"चुकलं तर पुन्हा फुटेल, वहिनी," सिस्टर म्हणाल्या. "मी नोकरी केली तिथे ही सोय नव्हती."

आईने कात्री घेतली आणि रिक्षा वळणापलीकडे जाईपर्यंत ती तशीच हातात धरून फाटकात उभी राहिली.