अंडेवालीला रामराम

बोरी अरब गावातला आमचा शिंपी ओठांत सुई धरूनच बोलायचा. गळ्यात तुळशीची माळ. कोंबड्या-मासळीची ओळ टाळायला तो अख्ख्या बाजाराला वळसा घाली.

त्याची बायको खंगत गेली आणि डॉक्टरांनी अंडी सांगितली, तेव्हा हाच माणूस उपरण्यात अंडं झाकून माझ्या दारात उभा.

"मास्तर, हे शिजवतेत कसं?"

मी उकडून त्याच्या घरी घेऊन गेलो. बायकोही माळकरी, तोंड उघडेना. त्यानं डोळे मिटले आणि पहिला घास स्वतःच खाल्ला.

"खाय आता. पाप लागंन त दोघायले लागंन."

तिनं खाल्लं. पुढे ती बरी होऊन मशीनपाशी काजं-बटणं करू लागली. तो मात्र बाजाराला वळसाच घालायचा; फक्त अंडेवालीला लांबून रामराम केल्याशिवाय पुढे जात नसे.