सुमनसिस्टरांची उजळणी

पाठ केलेलं उत्तर ऐकलं की सुमनसिस्टर चष्मा काढून मांडीवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. उत्तर चुकलेलं नसे, पण आपल्याला त्यातलं काही समजलेलं नाही हे त्यांना कळलंय, एवढं आपल्यालाही कळे.

सुरतेतल्या एका रुग्णालयात तीस वर्षं वॉर्ड सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. आम्ही तिघी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दर रविवारी सकाळी कोसाडला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी उजळणीला जायचो. मी आणि वैशाली खानदेशी, हेतल कामरेजची गुजराती. ती त्यांना 'बेन' म्हणे, आम्ही सिस्टर. पहिला तासभर पुस्तक पिशवीत. "आधी माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या आत काय बिघडलंय ते सांगा. लक्षणं मागून आपोआप येतात." मग फरशीवर खडूने हृदय काढायचं. रक्त कुठल्या बाजूला तुंबलं की पाय सुजतात आणि कुठल्या बाजूला तुंबलं की दम लागतो, ते बोट फिरवत सांगायचं. परीक्षेची भीती त्या घरात कधी वाटली नाही.

एकदा मी हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणं घडाघडा म्हणून दाखवली. चष्मा मांडीवर गेला.

"आणि पेशंट मधुमेही असेल तर?"

मी तीच यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.

"वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसा बोथट होतात. हृदयाला रक्त मिळत नसतं, पण ती कळ माणसाला जाणवतेच असं नाही. कधी नुसता घाम, दम, मळमळ. छातीत दुखतंय का, एवढंच विचारून उठू नकोस."

पुढच्याच महिन्यात माझे बाबा कडोदऱ्याच्या कापड कारखान्यातून लूमची रात्रपाळी संपवून आले ते दारातच बसले. दहा वर्षांचा मधुमेह, आणि शर्ट घामाने चिंब.

"काही नही वं, पित्त शे," ते म्हणाले. आई लिंबूपाणी करायला उठली.

साखर उतरली तरी असाच घाम सुटतो, म्हणून मी आधी बोट टोचून तपासलं. उतरलेली नव्हती. मग मी कुणाला विचारत बसले नाही, १०८ला फोन लावला. एवढ्याशासाठी गाडी बोलावली म्हणून बाबा वाटभर माझ्यावर चिडलेले. ईसीजीचा कागद बघून डॉक्टरांची धावपळ सुरू झाली तेव्हा त्यांचं चिडणं थांबलं. दुपारपर्यंत बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली होती.

बाबा घरी आल्यावर मी पेढे घेऊन सिस्टरांकडे गेले. शाबासकीची वाट बघत होते.

"आईला समजावलंस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ते पित्त नव्हतं, हे. पुढच्या वेळी तू ड्युटीवर असशील. घरी ती असेल."

मग पेढ्यांचा बॉक्स बाजूला ठेवत म्हणाल्या, "नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईला मी पित्ताची गोळी देऊन पुढच्या खाटेकडे गेले. मधुमेह होता तिला. परत आले तेव्हा उशीर झाला होता. आणि लक्षणं मला सगळी पाठ होती."

 

त्या संध्याकाळी मी आईला सगळं अहिराणीत सांगितलं. तिने तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं.

आम्ही तिघी पास झालो, नोकरीला लागलो. सिस्टर मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. मागच्या हिवाळ्यात त्या वारल्याचा फोन आला. बाबांनी त्यांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तरी ते लूमवर रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार.

"बाबा, तुमची तर ओळखही नव्हती."

"वळख नही ते काय व्हयनं? जानं पडी."

नाशिकला सिस्टरांच्या मुलीने मला लगेच ओळखलं. मग ती बाबांकडे वळली. "काका, तुमची आईशी ओळख कुठली?"

बाबांनी हात जोडले.

"मी त्यांचा पेशंट," ते म्हणाले.